दुसरी खुर्ची

एका पत्राचं उत्तर विश्वनाथने अकरा वर्षं दिलं नव्हतं.

पत्र हरवलं नव्हतं. मिसरोदच्या घरात, फडताळावरच्या जाडजूड शब्दकोशात ते जपून ठेवलेलं होतं. दर दिवाळीला साफसफाईत तो कोश खाली यायचा. विश्वनाथ त्याच्यावरची धूळ झटकायचा आणि न उघडताच परत वर ठेवायचा. पत्रात प्रश्न एकच होता. पत्राच्या घडीत आणखी एक कागद होता, विश्वनाथच्याच हातचा. त्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर होतं, अगदी तारखेसकट. एक तिकीट आणि खाली उतरून टपालपेटीपर्यंतची चार पावलं, एवढंच काय ते बाकी होतं.

तेवढंच त्याला जमलं नव्हतं.

तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. वडील साताऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी भोपाळला आले होते. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालेला हा मुलगा बोलायला कमी, वाचायला फार. शाहपुऱ्यात तळ्याच्या बाजूला, औषधांच्या एका दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. शहरातल्या काही लहान खासगी दवाखान्यांनी मिळून रुग्णवाहिकांची सेवा चालवली होती. गाड्या नऊ, आणि प्रत्येक पाळीला टेबलाशी माणूस एक. फोन त्यानेच घ्यायचा. रडणाऱ्या, ओरडणाऱ्या माणसाकडून पत्ता काढून घ्यायचा. तो बोलत असतानाच टाइप करायचं, दुसऱ्या कानाने ड्रायव्हरचं ऐकायचं, कुठली गाडी मोकळी आणि कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी हे डोक्यात धरून ठेवायचं... आणि तेवढ्यात पुढचा फोन वाजायचा. सकाळी सात ते तीन ही पाळी विश्वनाथची. तीननंतर प्रकाश यायचा. प्रकाश उज्जैनचा. मोठ्याने हसणारा, मोठ्याने चिडणारा, आणि विश्वनाथचा एकुलता एक मित्र.

जानेवारीतली सकाळ होती. बाहेर मावठ्याची भुरभुर चालली होती आणि खिडकीतून दिसणारा तळ्याचा तुकडा धुरकट झाला होता. दार ढकलून एक मुलगी आत आली. ओढणी भिजलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा.

"गाड्यांची कंट्रोल रूम हीच ना?"

विश्वनाथच्या कानात एक म्हातारी बाई नवऱ्याचं नाव घेऊन रडत होती. त्याने न वळताच एक बोट वर केलं. थांबा.

चार मिनिटांनी गाडी निघाली, बाई थोडी शांत झाली, आणि तो वळला. मुलगी तशीच दारात उभी होती. त्याच्या बोटाकडे बघत. बोट अजून वरच होतं.

"आता घ्या की खाली," ती म्हणाली. "थांबले आहे मी. पळून नाही जाऊन राहिले."

विश्वनाथने बोट खाली घेतलं आणि कानापर्यंत लाल झाला.

ती मधुरा. इंदूरची. कामाचं ओझं माणसाच्या डोक्यावर किती पडतं याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने तिला पाठवलं होतं. नऊ दिवस ती दोन्ही पाळ्यांना शेजारी बसून टिपणं घेणार होती. पण बसणार कुठे? खोलीत खुर्ची एकच.

"अख्ख्या शहराच्या गाड्या सांभाळता, आणि खुर्ची एक?"

"दुसऱ्या माणसाची... कधी गरज पडली नाही."

"कोणाला पडली नाही? तुम्हाला, की साहेबांना?"

तो खाली गेला आणि चहावाल्याकडून लाल प्लास्टिकची एक खुर्ची उचलून आणली. एक पाय किंचित आखूड होता. ती बसली की खुर्ची टक् करून एका बाजूला कलायची.

"हे बघा," मधुराने एक कागद पुढे केला. "दर दोन तासांनी एक भरायचा. डोकं किती वापरावं लागलं, घाई किती वाटली, जीव किती टांगणीला लागला... या रेघेवर शून्य ते वीस. वाटेल तिथे फुली मारा. आणि पाळी संपताना सगळ्याचा मिळून एक आकडा."

"याने काय होईल?"

"माणसाच्या पाठीवर पोतं असलं की सगळ्यांना दिसतं. कोणीतरी म्हणतं, अरे, दोघं मिळून उचला. डोक्यातलं पोतं कोणाला दिसतं, विश्वनाथजी? म्हणून हा कागद." मग ती हसली. "आता मी गप्प. मी इथे नाहीच असं समजा."

टक्, खुर्ची म्हणाली.

तेवढंच तिने मागितलं होतं, आणि तेवढंच पहिल्या दिवसापासून त्याच्या हातून झालं नाही.

ती खरोखर गप्प बसायची. पण तिच्या पेन्सिलीची कुरकुर ऐकू यायची. केसांना शिकेकाईचा वास यायचा. फोन कठीण असला की तिचा श्वास थांबायचा, आणि गाडी पोचली की सुटायचा. तो श्वास सुटल्याचं ऐकलं की विश्वनाथच्या मानेतली एक गाठ सैल व्हायची, जी तिथे आहे हेच त्याला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमचं गुपित कळलं मला."

"कुठलं?"

"चहा. काम डोक्यावर चढलं की तुमचा चहा गार होतो. आवाज तोच, चेहरा तोच, हात थरथरत नाहीत. नुसता कप भरलेला राहतो. परवा चार कप गार झाले, काल दोन. आज... एकही नाही." तिने मान तिरकी केली. "आज काय विशेष?"

"आज फोन कमी आहेत."

"फोन एकोणतीस. परवा सव्वीस होते."

"मग चहा चांगला असेल."

"मीठ घातलेला चहा आणि चांगला! तुम्ही भोपाळवाले म्हणजे कमालच आहात. इंदुरात असा चहा दिला तर पाहुणा उठून जाईल."

"तुम्ही तर दोन कप घेतलेत."

"मी कुठे पाहुणी आहे?" ती म्हणाली, आणि मग दोघांनीही एकदमच खिडकीबाहेर पाहिलं.

टेबलाच्या खणात तो वाचनालयाचं पुस्तक ठेवायचा. सहाव्या दिवशी तिने ते हळूच बाहेर काढलं. "कुठवर आलंय?"

"बेचाळीसाव्या पानावर."

"सोमवारीही बेचाळीसच होतं."

"हो," विश्वनाथ म्हणाला. "पान... मोठं आहे."

ती इतकी हसली की खुर्ची दोनदा टक् टक् वाजली.

आणि तीन वाजता, पाळी संपल्यावर, तो कागदावर फुली मारायचा. चार. पाच. पुन्हा चार. तो खोटं लिहीत नव्हता. खोटं लिहिणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याला खरोखरच तेवढं हलकं वाटत होतं.

प्रकाशच्या पाळीलाही ती तशीच बसायची. प्रकाश आपले कागद भरायचा. सतरा. अठरा. एकदा तर रेघेच्या बाहेर फुली मारून त्याने शेजारी लिहिलं, 'वीस के आगे कुछ है क्या?'

नवव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "तळ्यापर्यंत येता? मला साडेपाचची गाडी आहे."

दोघं तळ्याच्या कडेने चालले. मावठं थांबलं होतं आणि पाण्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं. ती मध्येच थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, पाण्याकडे बघत म्हणाली, "विश्वनाथजी... मला काही सांगायचं राहिलंय का तुमचं?"

होतं. पण विश्वनाथला वाटलं, आपण कोण? विरळ होत चाललेले केस, मिसरोदपर्यंतची बस, बेचाळीसावं पान. ही मुलगी सगळ्यांशीच हसून बोलते. प्रकाशशी नव्हती का बोलत? उगाच काही समजून बसायचं, आणि तिच्या डोळ्यांतलं ते हसू विझताना बघायचं...

"यंदा तळ्याला पाणी चांगलं आहे," तो म्हणाला.

मधुराने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "हो," ती हळूच म्हणाली. "चांगलंच आहे."

दुसऱ्या दिवशी लाल खुर्ची चहावाल्याने परत नेली. त्या दिवशी फोन आले फक्त बावीस. दोन वाजता विश्वनाथच्या लक्षात आलं की टेबलावर पाच कप ओळीने भरलेले आहेत. गार. त्यांच्यावर साय धरली होती. खणात तिचा एक कोरा कागद उरला होता. कोणी मागितला नसताना त्याने तो भरला, खाली तारीख घातली आणि पाळीचा आकडा लिहिला. अठरा. मग कितीतरी वेळ तो त्या आकड्याकडे बघत बसला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं.

'विश्वनाथजी,

तुम्ही म्हणाला होतात, हाताने लिहिलेलं पत्र आलं की घरी पाहुणा आल्यासारखं वाटतं. म्हणून हा पाहुणा पाठवते आहे. त्याला मिठाचा चहा देऊ नका.

टेबलाशी दोन माणसं हवीत असं मी कच्च्या अहवालात लिहिलं होतं. तुमच्या साहेबांनी, उदय सरांनी, त्यावर शेरा मारलाय की एकाला झेपतं आणि दुसऱ्याला झेपत नाही, म्हणजे दोष कामात नाही, माणसात आहे. झेपतं ते तुम्ही. झेपत नाही तो प्रकाश. माझे मार्गदर्शक म्हणतात, तुम्ही नोकरीच्या भीतीने खोटे आकडे लिहिलेत. मला तसं वाटत नाही. मग ते एवढे कमी का आले? मी नसताना भरलेला एखादा कागद असेल तर पाठवा. नसेल तर नुसतं कारण लिहा. जे असेल ते. मला वाईट वाटणार नाही... कदाचित उलटच होईल.

पक्का अहवाल पंधरा फेब्रुवारीला जाईल. तोवर रोज पोस्टमनची वाट बघेन.

मधुरा'

'कदाचित उलटच.' या दोन शब्दांवर विश्वनाथने बारा रात्री काढल्या. उत्तरं लिहिली, फाडली. अठराचा तो कागद पाठवायचा म्हणजे चारचं कारण सांगायचं. आणि ते कारण वाचून ती हसली तर? किंवा, त्याहून वाईट, तिने समजूत घालणारं एखादं नीटनेटकं पत्र पाठवलं तर? चौदा तारखेला त्याने पाकिटावर पत्ता लिहिला. पंधराला ते खिशात घेऊन ऑफिसला गेला. सोळाला परत आणलं.

अहवाल गेला. दुसरी खुर्ची आली नाही.

एप्रिलमध्ये प्रकाशच्या पाळीत एकदम तीन फोन आले. पिपलानीला निघालेली गाडी त्याने मिसरोदला वळवली आणि मिसरोदची पिपलानीला पाठवायची राहूनच गेली. पिपलानीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपर्यंत मदत चाळीस मिनिटं उशिरा पोचली. ते वाचले, पण वाचा गेली. उदय सरांनी जुने कागद काढले. "याच टेबलावर विश्वनाथचे चार येतात आणि तुझे अठरा. तूच सांग, टेबल बदलू की माणूस?"

राजीनामा देऊन प्रकाश जिन्यात थांबला होता. विश्वनाथ वर येत होता.

"काही बोलायचंय, विशू?"

विश्वनाथच्या तोंडून सरांचेच शब्द बाहेर पडले. "सवय... होते रे, प्रकाश."

प्रकाश जिना उतरून गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. विश्वनाथने लग्न केलं नाही. टेबलाशी एकटा बसत राहिला. चहा गार होत राहिला. मग तो पर्यवेक्षक झाला आणि नव्या मुलांना काम शिकवू लागला.

या जानेवारीत अबोली आली. तेवीस वर्षांची, चटपटीत, निम्मं हिंदी आणि निम्मं मराठी बोलणारी. चौथ्या दिवशी तिने फोन संपवला, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि सरळ म्हणाली, "सर, अकेले नहीं होगा मुझसे. म्हणजे काम येतं मला. पण एकटीला नाही. एक गाडी डोक्यातून निसटलीच असती आत्ता."

विश्वनाथ थक्क झाला. तिच्या आवाजात लाज नव्हती, भीती नव्हती. दाराला कडी नाही असं सांगावं, तितक्या साधेपणाने तिने सांगितलं होतं.

"सवय होते," तो म्हणाला.

"तुम्हाला झाली?"

विश्वनाथने टेबलाकडे पाहिलं. अबोलीचा चहा, काठोकाठ भरलेला. वर साय.

तो उठला. खाली जाऊन चहावाल्याकडून एक खुर्ची घेऊन आला. निळी होती, चारही पाय धड होते. अबोलीशेजारी ती ठेवून तो बसला आणि म्हणाला, "गाड्यांचं मी बघतो. तू फोन घे."

पाळी संपल्यावर तो उदय सरांच्या खोलीत गेला. सर आता निवृत्तीला आले होते. विश्वनाथने लेखी अर्ज पुढे ठेवला. टेबलाशी दोन माणसं हवीत. एकाने फोन घ्यावा, दुसऱ्याने गाड्या पाहाव्यात, आणि दर दोन तासांनी अदलाबदल करावी.

"अरे, पण तुझेच तर आकडे आहेत," सर म्हणाले. "चार. पाच. विसरलास?"

"ते धरू नका, सर."

"का? खोटे होते?"

"खरे होते." विश्वनाथने अर्ज सरांकडे सरकवला. "पण ते... कामाचे नव्हते. शेजारच्या खुर्चीचे होते."

उदय सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि प्रकाश?"

"प्रकाशचे बरोबर होते."

सरांनी अर्जावर सही केली. तीन महिने करून बघू, असं लिहिलं. सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी सकाळी विश्वनाथने उज्जैनला फोन लावला. प्रकाश आता भावाच्या वह्या-पेनांच्या दुकानात बसायचा. विश्वनाथने सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत.

"मला ठाऊक होतं, विशू," प्रकाश म्हणाला. "पाळी बदलताना तू गुणगुणायचास. तू! आयुष्यात कधी गुणगुणला नव्हतास. मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. जिन्यातसुद्धा त्याच्यासाठीच थांबलो होतो."

"मला माफ..."

"ते राहू दे. ऐक. ती येऊन गेली होती इथे. माझी माफी मागायला. तिला वाटतं तिचं मापच चुकलं आणि त्यापायी माझी नोकरी गेली. ते काम तिने सोडलं, ठाऊक आहे? इंदुरात लहान मुलांना शिकवते. इतकी हुशार पोरगी."

विश्वनाथने डोळे मिटले. "लग्न..?"

"झालंय. मुलगी आहे, सहा वर्षांची." प्रकाश जुन्याच आवाजात म्हणाला, "पत्ता घे लिहून. आणि या वेळी पाकीट खिशात घालून फिरू नकोस, गाढवा."

त्या दुपारी अकरा वर्षांनी शब्दकोश उघडला गेला. पत्राचा कागद घडीवर पिवळा पडला होता. शेजारचा कागद मात्र जसाच्या तसा होता, आणि त्यावरची फुलीही ठळक होती. विश्वनाथने पेन उचललं. या खेपेला त्याने काहीही फाडलं नाही.

'मधुरा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोबत जोडलं आहे. तारीख पाहा. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा कागद आहे. टेबल तेच, माणूस तोच, फोनही कमीच होते. आकडा अठरा आहे.

तुमचं माप चुकलं नव्हतं. ते इतकं नेमकं होतं की मी स्वतःला न सांगितलेली गोष्टही त्यात उतरली. प्रकाशने जे मोजलं ते कामाचं ओझं होतं. मी नऊ दिवस जे मोजलं ते तुमचं शेजारी असणं होतं. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, आणि त्याची किंमत प्रकाशने दिली, तुम्हीही दिलीत. चूक माझ्या गप्प बसण्याची होती. तुमच्या कागदाची नव्हती.

मी इथे नाहीच असं समजा, असं तुम्ही म्हणाला होतात. ते मला कधीच जमलं नाही.

याचं उत्तर नको. टेबलाशी आता दोन खुर्च्या आहेत, एवढं कळावं म्हणून लिहिलं. आणि जमलं तर ते काम पुन्हा हाती घ्या. पोती अजून खूप आहेत, आणि ती दिसणारी माणसं थोडी.

विश्वनाथ'

सोमवारी पाळी संपल्यावर तो शाहपुऱ्याच्या पोस्टात गेला. तिकिटं देताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "स्पीड पोस्ट कर दूँ? कल पहुँच जाएगी."

"नहीं," विश्वनाथ म्हणाला. "साधी ही ठीक है."

बाहेर येऊन तो लाल पेटीपाशी उभा राहिला. हात वर गेला, आणि पेटीच्या तोंडाशी तसाच राहिला. मागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले, हातात दोन लग्नपत्रिका घेऊन. ते थांबले.

पाकीट अर्ध्यावर अडकलं होतं. विश्वनाथने एका बोटाने ते आत ढकललं.

आत पडल्याचा आवाज आला. अगदी एवढासा.